अधिक-उण्याची वही

इंटरची परीक्षा देऊन मी पुण्याहून सोलापूरला आलो तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली दोन गोष्टी होत्या. एक कॉलेजचा छापील फॉर्म. बी.ए.ला ऐच्छिक विषय कोणता घेणार ते त्यावर लिहायचं, वडिलांची सही घ्यायची आणि सुट्टी संपायच्या आत टपालाने धाडायचा. दुसरी एक जाड पुठ्ठ्याची वही, जवळजवळ कोरी. त्या उन्हाळ्यात या दोन कागदांपायी आमच्या घरात जे झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात फार आहे असंही मला वाटत नसे. पण आता डोळे अधू झाल्यावर वाचन सुटलं आहे, आणि बसल्या बसल्या तीच सुट्टी पुन्हा पुन्हा समोर येते.

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या मागे चूल. खोलीत दोन हातमाग शेजारी शेजारी, खड्ड्यात पाय सोडून विणायचे. एकावर नायना, म्हणजे माझे वडील, बसत. दुसऱ्यावर अंबादास, माझा चुलतभाऊ. काका गेल्यापासून तो आमच्याच घरी वाढला होता आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. दोघांचे माग एका ठेक्यात कधीच चालत नसत. नायनाचा संथ, खट आणि मग थोड्या वेळाने खट; अंबादासचा त्याच्या मधे मधे घाईने शिरणारा. पुण्याच्या खोलीत पहिले सहा महिने मला झोप येत नसे, कारण तिथे शांतता होती. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, पलीकडच्या तेल्याच्या घरी कानडी, आणि रंगाऱ्याच्या बीबीशी दखनी. दारातून बाहेर पाऊल टाकताना जीभ आपोआप बदलायची, ते आम्हाला जाणवतही नसे. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अम्मा चुलीवर तवा ठेवी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पुंडीची आंबट भाजी. मे महिन्यात भाजी मिळत नसे तेव्हा नुसतं चिंचेचं सार. मी पुण्याहून आलो म्हणून त्या सुट्टीत भात दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा अंबादास म्हणाला, "तू दर महिन्याला परीक्षा देऊन येत जा की."

पुण्यात मला तेलुगू येतं हे मी लपवून ठेवलं होतं. माझ्या मराठीला सगळे आधीच हसत. मग एकदा संस्कृतच्या तासाला सर भाषांच्या घराण्यांबद्दल बोलू लागले. कोणती भाषा कोणाची बहीण, कोण नुसती शेजारीण. बोलता बोलता त्यांनी तेलुगूतले दोन शब्द उच्चारले, चुकीचे, आणि मी बाकावर बसल्या बसल्या इतका अस्वस्थ झालो की तास संपल्यावर त्यांच्या मागे गेलो. व्हरांड्यात उभं राहून मी ते शब्द बरोबर म्हणून दाखवले आणि लगेच क्षमा मागितली. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी मामाच्या मुलीला काय म्हणता?" मी सांगितलं, मरदलु. "आणि मावशीच्या मुलीला?" चेल्लेलू, बहीण. "का बरं? दोघीही आईकडच्याच ना?" वीस वर्षं मी ते शब्द वापरत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सरांनी त्यानंतर मला पुष्कळ वेळा घरी बोलावलं. सुट्टीला निघताना म्हणाले, "तुमच्या गल्लीत चार भाषा आहेत. चारही घरांतली नात्यांची नावं लिहून आणा. खऱ्या माणसांवरूनच लिहा, मनाने नको, नाहीतर चुकाल. आणि भाषा हा विषय घ्या. एम.ए. झाल्यावर दक्षिणेत कुठेतरी तुम्हाला पाठवायचं मी बघेन."

पण मला गणितही आवडत असे. हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे लोकांनी, आणि काही वर्षं मी स्वतःही, अशी समजूत करून घेतली की गणित माझ्यावर लादलं गेलं. तसं नव्हतं. बीजगणिताचं एखादं उदाहरण सुटलं की मला पोट भरल्यासारखं वाटे. दोन्ही विषय घेता आले असते तर मी दोन्ही घेतले असते. पण वेळापत्रकात दोघांचे तास एकाच वेळी होते आणि फॉर्मवर जागा एकच होती.

घरात मात्र हा प्रश्न नव्हताच. ते मल्लय्यामामाने केव्हाच ठरवलं होतं. मल्लय्यामामा म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. गिरणीत जॉबर होता, खात्यातल्या माणसांवर देखरेख करायचा. आमच्या दोन्ही घरांतल्या थोरांत मराठी चार इयत्ता शिकलेला तो एकटाच, आणि मी पुण्याला गेलो तो त्याच्या जोरावर. एका हायस्कुलाच्या हेडमास्तरांशी त्याचं बोलणं झालं होतं: गणिताचा मास्तर हवा आहे, पोरगा बी.ए. होऊ दे. मास्तरकी मिळाली की रत्नाशी लग्न. रत्ना ही मामाची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिच्या बारशाला अम्माने आमच्या मागावरचं नवं कापड पाळण्यावर घालून, ही माझी सून, असं चारचौघांत सांगितलं होतं. आमच्यात तशी चाल होती. त्यात विचारण्यासारखं काही नसे. गणित, शाळा आणि रत्ना असं सगळं एकाच गाठोड्यात बांधून माझ्यासाठी ठेवलेलं होतं, आणि त्यातलं एक नको म्हणणं म्हणजे तिन्ही नको म्हणणं.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवशीच मामा येऊन उंबऱ्यावर बसला. "फारम आलाय म्हणं. गणित लिवलं का?"

"लिहितो की, मामा."

"लिवतो काय, लिव. एका शब्दाचं काम हाय." मग नायनाकडे वळून, "बावा, तुमचा ल्योक शिकून शिकून सुस्त झाला बगा."

नायना माग न थांबवता म्हणाले, "तुझ्या बहिणीवर गेलाय."

एवढ्यावर विषय संपला. भाषा असा काही विषय असतो आणि तो घेता येतो, हे मला मामाला सांगायचं होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. पण जी गोष्ट सगळ्यांना फुकट येते ती शिकायला पुण्याला कशाला जायचं, असं तो विचारणार, आणि त्याला उत्तर नाही, हे मला वाक्य पुरं व्हायच्या आत कळायचं. उन्हं वाढत होती. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. फॉर्म मी वहीत घालून ठेवला आणि वही घेऊन गल्लीत हिंडू लागलो.

ते दिवस मात्र, खरं सांगायचं तर, माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते. तेल्याच्या आजीने अत्ते, मावा असे कानडी शब्द सांगितले आणि सांगताना प्रत्येक नातेवाइकाची एकेक खोडही सांगितली. रंगाऱ्याच्या बीबीने फुप्पू, मामू सांगून झाल्यावर विचारलं, "ये लिखके क्या करते जी? हमारे घर का रिश्ता लाते क्या?" संध्याकाळी मी चारही घरांची नावं समोरासमोर मांडी. मराठीत सगळेच भाऊ: चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ. आमच्यात मात्र चुलत आणि मावस हे सख्ख्यासारखेच भाऊ, आणि आत्याचा किंवा मामाचा मुलगा तो बावा, वेगळाच माणूस. बहिणीचा नवराही बावाच. ज्यांच्यात लग्न होऊ शकतं ते एका बाजूला, होऊ शकत नाही ते दुसऱ्या बाजूला. हे इथपर्यंत गल्लीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. पुढचं मला एका दुपारी सुचलं, पाणी भरून येताना, दोन्ही हातांत घागरी असताना, आणि मी वाटेत उभाच राहिलो.

नातं मोजताना जिथे भावाकडून भावाकडे किंवा बहिणीकडून बहिणीकडे जायचं तिथे अधिक धरायचं. जिथे बाईकडून पुरुषाकडे किंवा पुरुषाकडून बाईकडे जायचं तिथे उणे. नायना आणि त्यांचा भाऊ: अधिक, म्हणून अंबादास माझा भाऊ. अम्मा आणि तिचा भाऊ: उणे, म्हणून रत्ना मरदलु. आता लांबचं नातं घ्या. नायनाच्या मामाच्या मुलीची मुलगी. आजी आणि तिचा भाऊ, एक उणे. नायना आणि त्या मामाची मुलगी, पुरुष आणि बाई, दुसरं उणे. उणे गुणिले उणे अधिक. म्हणजे ती माझी बहीण लागली पाहिजे. मी धावत घरी आलो. अम्मा भाकरी थापत होती.

"अम्मा, नायनाच्या मामाच्या मुलीची मुलगी मला कोण?"

"बहीण," ती म्हणाली. भाकरी थापणारा हात थांबलासुद्धा नाही.

"आणि तुझ्या मामाच्या मुलीची मुलगी?" इथे एक उणे आणि एक अधिक होतं, कारण अम्मा आणि ती, दोघीही बायका. उत्तर उणे.

"मरदलु. का रे, बघून आलास की काय कुणाला?"

मी हसत सुटलो. अम्माला वाटलं ऊन लागलं. मी दहा कागद खर्चून जे काढलं ते तिला श्वासासारखं येत होतं. गुणाकार तिच्या जिभेवर कुणी ठेवला, तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पण तो तिथे होता. माझे दोन्ही आवडते विषय एका भाकरीच्या तव्याशेजारी बसले होते, आणि जगात हे फक्त मला माहीत होतं. हा अनुभव मला पुढे पुन्हा कधी आला नाही. छत्तीस वर्षं मी मुलांना उणे गुणिले उणे अधिक शिकवलं. का, असं एखादा विचारायचा. मी त्याला पुस्तकातलं उत्तर देत असे.

नियम पिढी उलटल्यावरही टिकतो का ते पाहायला मला एखादं लग्न लावून पाहणं भाग होतं. क्ष आणि य घेतले तर कोण बाई, कोण पुरुष यात माझा गोंधळ होई, आणि सरांनी खरी माणसं घ्यायला सांगितलं होतं. म्हणून एका पानावर मी आमच्या दोन्ही घरांचा वृक्ष काढला. मध्यभागी मी, कारण सगळी नाती माझ्यापासून मोजायची. मी म्हणजे शून्य, त्याला जोडी नाही. मग लिहिलं, अंबादास = रत्ना. खाली त्यांना एक मुलगा, एक मुलगी. त्यांची माझ्याशी नाती. पान भरलं, नियम टिकला, मी खूष झालो आणि वही ट्रंकेवर ठेवली.

रविवारी मामा आला. मी चहासाठी गूळ आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. त्याने अम्माला विचारलं, फारम कुठाय, आणि अम्माने त्या वहीकडे बोट दाखवलं. मी परत आलो तेव्हा तो वही मांडीवर उघडून बसला होता. बोट त्या पानावर होतं. जॉबराच्या कागदावर दोन नावं एका ओळीत आली की ती दोन माणसं एका जागी लागली. तिथे जर-तर काही नसतं. तो रोज तसलेच कागद वाचत असे. त्याने पान दोनदा वरून खाली वाचलं. मग फॉर्म बाहेर काढला. तो कोराच होता. त्याने तो परत आत ठेवला, वही नीट मिटली आणि उभा राहिला.

"चहा होतोय की," अम्मा म्हणाली.

"नको, अक्का," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि गेला.

अम्माने मला विचारलं. मी सांगितलं, ते उदाहरण आहे, गणितासारखं. तिला वाचता येत नव्हतं, तिने एवढंच विचारलं, "तुझ्या हातानं लिवलंस का?" मी हो म्हणालो. "मग?" ती म्हणाली. अंबादास घरात नव्हता. नायना मागावर होते. त्यांनी माग थांबवला आणि पुन्हा सुरू केला.

मी त्याच दिवशी मामाच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. दोन गल्ल्यांचं अंतर. मी गेलो नाही. आधी भीतीने गेलो नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मला कळलं की गाठोडं सुटलं आहे. मी काहीच केलं नव्हतं. मी नाही म्हटलं नव्हतं, कुणाशी भांडलो नव्हतो. फक्त गप्प राहायचं. मामा मला विचारणार नाही, रत्नाचं दुसरीकडे बघेल, हेडमास्तर दुसरा मास्तर शोधेल, आणि मी फॉर्मवर मला हवं ते लिहीन. इतकं सोपं कधीच काही नव्हतं. मी फॉर्म काढला, शाईत टाक बुडवला. आणि तो हातात धरून बसून राहिलो, कारण अम्मा चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि तिने सकाळपासून माझं नाव घेऊन हाक मारली नव्हती. असे दोन दिवस गेले. शब्द लिहिला गेला नाही. खोलीत पत्रा तापत होता, दोन्ही माग चालत होते, आणि मला वाटे मी दोन्ही मागांच्या मधे चिणला गेलो आहे.

तिसऱ्या दिवशी आमची पाजणी होती. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ पाजावी लागते, त्याशिवाय ते विणताना टिकत नाही. सबंध ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा पट्टा, गल्लीभर लांब पसरायचा, बांबूंवर कमरेइतका उंच, आणि तांदळाच्या पातळ खळीत बुडवलेला लांब कुंचा दोघांनी दोन बाजूंनी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. बाकीचे दोन्ही बाजूंना उभे राहून तुटलेले धागे वळून सांधतात. उन्हं चढायच्या आत हे व्हावं लागतं. एकदा सुरू केलं की कुणाला हलता येत नाही, नाहीतर सूत कडक होऊन सगळा ताणा वाया जातो. त्याला दहा-बारा हात लागतात, आणि ते हात ठरलेल्या घरांतूनच येतात. आज तुमची, उद्या आमची. सुतक सोडलं तर न येण्याला दुसरं कारण नसतं.

म्हणून मामा आला. मामी आली, रत्ना आली. झुंजुमुंजू झालेलं, खळीचा आंबूस वास गल्लीभर. मामाने कुंच्याचं एक टोक धरलं, दुसरं नायनांनी. अंबादास खळीचं मडकं घेऊन मागे. मी डाव्या बाजूला धागे सांधायला उभा राहिलो, आणि वर पाहिलं तर समोर, ताण्याच्या पलीकडे, रत्ना होती. जागा बदलायला आता सवड नव्हती. माझी बोटं दोन वर्षांत सवय विसरली होती. धागा निसटत होता. शेजारची एल्लव्वा म्हणाली, "लेखणीपरास जड हाय व्हय रे धागा?" दोन-चार जणी हसल्या.

रत्ना मान खाली घालून सांधत होती. कुंचा पुढे गेल्यावर तिने, धाग्यांकडेच बघत, हलक्या आवाजात विचारलं, "बावा, त्या वहीत माझंच नाव का घातलंस?"

"ते उदाहरण होतं."

"म्हंजी?"

"खोटं खोटं. हिशेब जमतो का बघायला."

तिने एक धागा वळला, थुंकी लावून दाबला. "नळावर बायका म्हणतात, शिकल्याला न्हाय आवडली, भावाच्या गळ्यात बांदली. काल एकीनं तोंडावर विचारलं, काय खोड हाय गं तुझ्यात." मग दुसरा धागा उचलत, "तुला मी नको असंल तर नको म्हण. माझ्या आईला, बापाला, कुणालाबी सांग. पर खोटं होतं तर खोटं होतं म्हणून तरी सांग की. माझं नाव तुज्या हिशेबात सडतंय."

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. समोर धागे, पाठीला भिंत, डावीकडे एल्लव्वा, उजवीकडे मामी. कुंचा परतून येत होता. मामाच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तो माझ्यासमोर येऊन पुढे गेला असता तर मी पुन्हा बोललो नसतो, हे मला आजही नक्की माहीत आहे. त्या गप्प राहण्यात माझं सगळं होतं: सरांचं घर, दक्षिण, तो नियम पुरा करण्याची वर्षं. आणि ते सगळं या मुलीच्या नावावर उभं होतं. मी म्हणालो, "मामा." पुन्हा म्हणालो, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांच्या माना वर झाल्या. "मामा, वहीत लिहिलं होतं ते गणित होतं."

मामा थांबला नाही. कुंचा मधे थांबवता येत नाही. "काय होतं?"

"गणित. नात्यांचं. खरी नावं घेतली की चूक होत नाही म्हणून तुमची घेतली. त्यात काही ठरवलेलं नव्हतं."

"माज्या पोरीचं लगीन लावलंस, गणितात?"

"व्हय, मामा."

"आन् ह्येचं?" त्याने मडकं धरलेल्या अंबादासकडे मान हलवली.

अंबादास म्हणाला, "माजं लगीन लागलं, मोडलं, आन् मला जेवायलाबी कुणी बोलावलं न्हाय."

आधी एल्लव्वा हसली, मग सगळी गल्ली. मामाने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही; तीन दिवसांचं सगळं त्याच्या तोंडावरून एकदम उतरलं. "आरं, मग गणितच घे की लेका," तो म्हणाला. "एवढं घरादारात शिरलंय तर गणितच घे. फारमवर येवढा येळ कशाला बसलास?" पुन्हा हशा. नायना म्हणाले, "कुंचा ओढ, मल्लय्या. सुकतंय."

मी "बरं" म्हणालो. कुणी ऐकलं की नाही कोण जाणे, पण सगळे ते धरून चालले. अम्माने मागून मला हाक मारली, "राजय्या, त्यो बघ धागा तुटलाय." रत्नाने एकदाही वर पाहिलं नाही.

काही वर्षांपूर्वी, नातवंडं बाहेर गेलेली असताना, मी तिला विचारलं होतं की त्या दिवशी तुला काय हवं होतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला हे विचारायला तू पन्नास वर्षं घेतलीस." मग खडा बाजूला टाकत, "मला शाळेत जायचं होतं," एवढंच म्हणाली. मामाने तिला पाठवलं नव्हतं, आणि आमच्या लग्नानंतर मी तिला वाचायला शिकवलं तेव्हा मला वाटत होतं मी तिच्यावर उपकार करतो आहे. माझ्या वृक्षात तिच्यासाठी एक उणे चिन्ह होतं. त्या पलीकडे मी तिचा विचार केलेला नव्हता, मोकळं व्हायचं होतं तेव्हाही आणि बांधून घेतलं तेव्हाही.

पाजणी झाल्यावर अंघोळीच्या आधीच मामाने फॉर्म मागितला. माझ्या बोटांवर खळ वाळली होती आणि टाक धरताना ती कातड्यासारखी सुटत होती. मी विषयाच्या जागी गणित लिहिलं. नायनांनी खाली तेलुगूत आपलं नाव काढलं, त्यांना येत होती तेवढी सहा अक्षरं, एकेक अक्षर नक्षीसारखं. मामाने फॉर्म स्वतः नेऊन टपालात टाकला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्याच आठवड्यात सर मला मुख्य जिन्यावर भेटले. त्यांच्या हातात पुस्तकं होती. त्यांनी यादीत माझं नाव पाहिलं नसावं, किंवा पाहिलं असेल आणि चूक समजले असतील, कारण ते हसून म्हणाले, "काय, गल्ली आणलीत का आमच्यासाठी? वही कुठे आहे?"

वही माझ्या बगलेत होती. मी ती त्यांना द्यायलाच निघालो होतो. नियम सगळा सुवाच्य उतरवला होता, अम्माच्या उत्तरांसकट. दिली असती तर ते तिथेच उघडून वाचत उभे राहिले असते आणि मग वर बघून विचारलं असतं, विषय कोणता घेतलात.

"घरी राहिली, सर," मी म्हणालो.

"हरकत नाही. दिवाळीनंतर आणा."

मी मान हलवली आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली. गणिताचा वर्ग त्यांच्या वर्गाच्या शेजारीच होता; मधली भिंत पातळ होती आणि फळ्यावरचं गणित उतरवून घेताना त्यांचा आवाज ऐकू येई, शब्द मात्र कळत नसत. दिवाळी झाली. त्या इमारतीला मागच्या बाजूने एक लोखंडी जिना होता, झाडूवाल्यांसाठी. बी.ए.ची दोन्ही वर्षं मी त्या जिन्याने वर गेलो.